कॅम्प लेजून, डिसेंबर २००७ : मारिया लॉटरबाक आणि हजेरीपटावरचा एक शेरा

सांजवात (धागाकर्ती)

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, अटलांटिकच्या किनाऱ्यालगत, कॅम्प लेजून हा मरीन कोअरचा, म्हणजे अमेरिकेच्या सागरी लढाऊ दलाचा, मोठा तळ आहे. तेथे नोकरीस असलेली मारिया लॉटरबाक ही वीस वर्षांची लान्स कॉर्पोरल (कनिष्ठ हुद्द्याची जवान) १४ डिसेंबर २००७ नंतर कोणालाही दिसली नाही. ती आठ महिन्यांची गरोदर होती. ओहायो राज्यातल्या व्हँडेलिया या गावची ही मुलगी २००६ मध्ये मरीनमध्ये दाखल झाली होती आणि रसदविभागाच्या एका रेजिमेंटमध्ये कारकुनी काम करत होती. जानेवारी २००८ मध्ये तिचे अवशेष तळाबाहेर, सीझर लॉरियन या तिच्याच तुकडीतल्या कॉर्पोरलच्या घरामागच्या अंगणात, शेकोटीसाठी खणलेल्या खड्ड्याखाली सापडले. याच लॉरियनवर तिने, नाहीशी होण्याच्या सात महिने आधी, मे २००७ मध्ये, बलात्काराची तक्रार केली होती.

हे प्रकरण जुने आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे, तरी त्यातला एक मुद्दा मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ती नाहीशी झाली तेव्हा तपास करणाऱ्यांच्या हाती काय काय होते, हे एकदा नीट मांडून पाहावे. सोबत राहणाऱ्या सहकाऱ्यासाठी तिने एक चिठ्ठी ठेवली होती आणि मरीनचे हे आयुष्य आता सोसवत नसल्याने आपण निघून जात आहोत, अशा आशयाचा मजकूर तिच्यात होता. त्याच दिवशी दुपारी टेक्सासमधील एल पासोचे एकेरी प्रवासाचे बसतिकीट तिच्या नावाने काढले गेले होते. तिकीट पश्चिमेकडचे होते. मात्र तिचा मोबाइल फोन २० डिसेंबरला तळाच्या मुख्य प्रवेशद्वाराजवळ रस्त्याकडेला पडलेला मिळाला.

दुसरीकडे तिच्या तक्रारीची फाइल होती. आरोपीने तिच्यापासून दूर राहावे, असा कमांडरचा संरक्षणादेश त्या फाइलीत होता आणि त्याची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली होती. तक्रारीनंतर कोणा अज्ञात इसमाने तिच्या तोंडावर ठोसा मारल्याची आणि तिच्या मोटारीवर ओरखडे काढल्याची माहितीही होती.

दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या होत्या, पण त्या शेजारी ठेवून कोणी वाचल्या नाहीत. चिठ्ठी आणि तिकीट पाहून हजेरीपटावर ‘विनापरवाना गैरहजर’ असा शेरा पडला. लष्करात या शेऱ्याचा अर्थ शिस्तभंग असा होतो. ज्या व्यक्तीचा शोध जिवाच्या काळजीने घ्यायला हवा होता, ती त्या एका शेऱ्यामुळे शोधली गेलीच तर शिक्षेसाठी शोधली जाणार होती. हरवल्याची तक्रार १९ डिसेंबरला तिच्या आईने केली, आणि तीही शेरीफच्या (स्थानिक नागरी पोलीसप्रमुखाच्या) कार्यालयात, ओहायोहून. नेमके हेच मला खुपते. सैन्यात माणूस नाहीसा झाला की पहिला प्रश्न ‘त्याचे काय झाले?’ हा का नसतो?

काठावरचा

सांजवात, मांडणी वाचली आणि तुमची तळमळ समजली. तरीही एक बाजू मांडावीशी वाटते, ती कृपया विरोधासाठी विरोध म्हणून घेऊ नये.

चिठ्ठी तिच्या हातची होती, तिकीट खरे होते. वीस वर्षांची, नोकरीला कंटाळलेली, बाळंतपण जवळ आलेली मुलगी सगळे सोडून कुठेतरी निघून जाते, हे अशक्य कोटीतले नाही. हजारो तरुण ज्या तळावर राहतात तिथे दर महिन्याला काही जण असे न सांगता निघून जातात आणि त्यांतले बहुतेक आठवड्याभरात परत येतात किंवा घरच्यांना फोन करतात. प्रत्येक गैरहजर जवानाचा शोध खुनाच्या संशयाने सुरू करायचा, हे कोणत्याही तळाला झेपणारे नाही. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी जाहीरपणे असेही सांगितले होते की आपल्याला लॉरियनपासून धोका वाटतो, असे मारियाने त्यांना कधी सांगितले नव्हते.

आज आपल्याला शेवट ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक खूण आपल्याला स्पष्ट दिसते. त्या आठवड्यात ती इतकी स्पष्ट होती का?

सांजवात (धागाकर्ती)

काठावरचा, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि मी स्वतः त्याच्यापाशी बराच वेळ थांबले आहे. चिठ्ठीवर विश्वास ठेवला, याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. ती निघून जाण्याच्या विचारात खरोखर असेलही. इतक्या महिन्यांच्या छळानंतर कोणीही असेल. पण निघून जायचे ठरवलेली बाई वाटेत मारली जाऊ शकते, किंबहुना निघण्याचा क्षणच तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असू शकतो. चिठ्ठीवरून इतकेच कळते की तिला जायचे होते. ती पोहोचली की नाही, हे चिठ्ठीवरून कळत नाही, आणि तपासायचे तेच होते.

‘दर महिन्याला काही जण जातात’ हे मान्य. त्यांच्यापैकी किती जणांनी केलेली बलात्काराची तक्रार प्रलंबित असते, संरक्षणादेश चालू असतो आणि आठवा महिना असतो? ही चाळणी लावायला फारसे मनुष्यबळ लागत नाही. फाइल उघडून पाहावी लागते, एवढेच. आणि धोका वाटत असल्याचे तिने सांगितले नव्हते, या म्हणण्याबद्दल एकच विचारते : धोका नव्हता तर संरक्षणादेश कशासाठी होता?

रुक्मिणी_एस

मी अमेरिकेत वकिली करते. माझा व्यवसाय लष्करी कायद्याचा नाही, पण कौटुंबिक हिंसाचाराच्या खटल्यांमुळे संरक्षणादेशांशी रोजचा संबंध येतो, म्हणून या आदेशाबद्दल थोडे सविस्तर लिहिते. नावामुळे त्याच्याबद्दल फार गैरसमज होतात.

नागरी न्यायालयाचा संरक्षणादेश न्यायाधीश देतात. तो पोलिसांच्या नोंदीत जातो आणि मोडला तर पोलीस अटक करू शकतात. लष्करी संरक्षणादेश मात्र कमांडर देतो. त्याचे स्वरूप ‘अमुक व्यक्तीपासून दूर राहा’ या लेखी हुकमाचे असते आणि तो मोडणे म्हणजे वरिष्ठांचा हुकूम मोडणे. तळाच्या कुंपणाबाहेर नागरी पोलिसांना तो बजावता येत नाही. मारिया तळाबाहेर राहत होती आणि लॉरियनचे घरही तळाबाहेर जॅक्सनव्हिल भागात होते. म्हणजे ज्या जागी तिला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज होती, तिथे तो कागद पोलिसांच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता.

दुसरी अडचण मुदतीची. आदेश ठरावीक दिवसांपुरता असे, संपला की कोणीतरी आठवणीने वाढवायचा. मारियाचा आदेश असाच पुन्हा पुन्हा वाढवलेला होता. ओहायोचे काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्य माइक टर्नर यांनी, मारियाचे कुटुंब त्यांच्याच मतदारसंघातले असल्याने, हे प्रकरण हाती घेतले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये मंजूर झालेल्या संरक्षणविषयक कायद्यात दोन तरतुदी आल्या. लष्करी संरक्षणादेश कमांडरने स्वतः रद्द करेपर्यंत किंवा त्याजागी दुसरा देईपर्यंत चालू राहील, ही पहिली. आणि असा आदेश दिल्याची, बदलल्याची किंवा संपवल्याची माहिती नागरी पोलीस यंत्रणेला द्यावीच लागेल, ही दुसरी. वाचायला किती साध्या आहेत! त्यांच्यासाठी एक मुलगी आणि तिचे न जन्मलेले मूल जावे लागले.

पुढे २०११ च्या अखेरीस संमत झालेल्या कायद्याने लैंगिक अत्याचाराची उघड तक्रार करणाऱ्या जवानाला दुसऱ्या तळावर बदली मागण्याचा हक्क मिळाला आणि त्या अर्जावर ७२ तासांत निर्णय देण्याचे बंधन कमांडरवर आले. २००७ मध्ये हा हक्क असता तर डिसेंबरात मारिया कॅम्प लेजूनमध्ये असण्याचे कारणच उरले नसते, असे माझे मत आहे.

काठावरचा

रुक्मिणी, नागरी आणि लष्करी आदेशातला हा फरक मला अजिबात माहीत नव्हता. तळाबाहेर त्या आदेशाला किंमत नव्हती, हे वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादातला बराचसा भाग मला स्वतःलाच डळमळीत वाटू लागला आहे.

तरी एका गोष्टीवर मी ठाम आहे. लॉरियनने आरोप नाकारला होता. गुन्हा सिद्ध होईपर्यंत त्याला निर्दोष मानणे आवश्यकच होते. केवळ तक्रार आहे म्हणून त्याला कोठडीत ठेवता आले नसते.

रुक्मिणी_एस

तुमचे तत्त्व बरोबर आहे आणि ते सोडावे, असे मी कधीच म्हणणार नाही. प्रश्न वेळेचा आहे. तक्रार मे महिन्यात झाली. लष्करी कायद्याच्या कलम ३२ खालची प्राथमिक सुनावणी, म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा आहे की नाही हे पाहण्याची पायरी, डिसेंबर उजाडला तरी झालेली नव्हती. सात महिने आरोपी आणि तक्रारदार एकाच तळावर, एकमेकांच्या वाटेवर. निर्दोषत्वाचे गृहीतक आरोपीच्या भल्यासाठी असते, त्याचा फायदा घेऊन तक्रार थंड ठेवायची नसते. तो खरोखर निर्दोष असता तरीही सात महिने टांगती तलवार ठेवणे त्याच्यावर अन्यायच ठरला असता. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी २०११ मध्ये या तक्रारीच्या हाताळणीचा स्वतंत्र आढावा प्रसिद्ध केला आणि त्यात त्रुटी नोंदवल्या. तेव्हा ही केवळ आपली बाहेरच्यांची टीका नाही.

नीलमोहर

मी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात प्रसूती विभागात परिचारिका आहे. इथे गरोदरपणाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

अमेरिकेत गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या वर्षभरात होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात असे दिसले की रक्तस्राव, रक्तदाबाचे विकार किंवा जंतुसंसर्ग यांपैकी कोणत्याही एका प्रसूतिविषयक कारणाने जितक्या स्त्रिया दगावतात, त्यापेक्षा अधिक स्त्रियांचा खून होतो. आम्ही दर तपासणीला रक्तदाब मोजतो, पायांवरची सूज अंगठ्याने दाबून पाहतो, लघवीतले प्रथिन तपासतो. ज्या कारणाने अधिक स्त्रिया जातात, त्याच्यासाठी आमच्याकडे फक्त एक प्रश्न आहे : ‘घरी तुम्हाला सुरक्षित वाटते का?’

हा प्रश्न ती एकटी असताना विचारायचा असतो. सोबत नवरा किंवा मित्र असेल तर आम्ही काहीतरी निमित्त काढून त्याला बाहेर पाठवतो, बहुधा फॉर्म भरायला. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी होती, अठरा-एकोणीस वर्षांची. प्रश्न ऐकल्यावर तिने आधी दाराकडे पाहिले. नंतर ‘हो’ म्हणाली. त्या दिवशी प्रतीक्षाकक्षात गर्दी होती, माझ्यामागे आणखी चार जणी थांबल्या होत्या, आणि मी तिचे ‘हो’ लिहून घेतले. ती पुढच्या तपासणीला आली नाही. तिचे काय झाले ते मला कधीच कळले नाही. ती दुसऱ्या गावी गेली असेल, सुखरूपही असेल. पण तिच्या नावापुढे मी जो शेरा लिहिला तो ‘वेळ घेऊन आली नाही’ एवढाच होता. आमच्या भाषेतले ते ‘गैरहजर’च झाले. धाग्याचे शीर्षक वाचताना मला तीच आठवली.

आठव्या महिन्यातली बाई तपासणी चुकवून दोन दिवस बसने देश ओलांडते, यावर विश्वास ठेवण्याआधी कोणी तिच्या डॉक्टरांकडे विचारणा केली होती का? हा प्रश्न मला पडतो.

सांजवात (धागाकर्ती)

नीलमोहर, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. दाराकडे आधी पाहणारी ती नजर मी विसरू शकणार नाही.

दूरदेशी

आईबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

मारिया लहानपणी दत्तक घेतलेली होती. तपास करणाऱ्यांनी स्वभावाबद्दल विचारले तेव्हा मेरी लॉटरबाक यांनी कोणतीही आई संकटात जितकी प्रामाणिक असते तितक्या प्रामाणिकपणे, मुलीला खोटे बोलण्याची सवय होती, हेही सांगून टाकले. मुलगी सापडावी म्हणून दिलेली ती माहिती होती. ती शेरीफच्या कागदपत्रांत गेली, तिथून वर्तमानपत्रांत गेली, आणि काही दिवस सगळीकडे मारियाची ओळखच ‘खोटे बोलणारी’ अशी झाली. तिची तक्रार खोटी असेल, ती पळून गेली असेल, असे म्हणणाऱ्यांना आईच्याच तोंडचे वाक्य मिळाले.

माणूस कधी कधी खोटे बोलतो, याचा अर्थ त्याला कोणी मारू शकत नाही, असा होतो का? आणखी एक तपशील इथे सांगायला हवा. नंतरच्या डीएनए तपासणीत मारियाच्या बाळाचा पिता लॉरियन नसल्याचे निष्पन्न झाले. ‘बघा, म्हणजे ती खोटेच सांगत होती’ असे तेव्हाही म्हटले गेले. वास्तविक, गर्भ त्या प्रसंगातून राहिला आहे असे आपल्याला आता वाटत नाही, हे मारियाने हयात असतानाच अधिकाऱ्यांना सांगितले होते. बाळाचा पिता कोण, यावर बलात्कार झाला की नाही हे ठरत नाही, आणि खून झाला की नाही हे तर मुळीच ठरत नाही.

३१ जुलै २००८ रोजी मेरी लॉटरबाक यांनी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. सैन्यातील लैंगिक अत्याचारविरोधी कार्यालयाच्या प्रमुखांनाही त्याच दिवशी साक्षीसाठी बोलावले होते, पण संरक्षण खात्यातल्या वरिष्ठांनी त्यांना साक्ष देऊ नका असा आदेश दिला आणि त्या समितीपुढे आल्या नाहीत. मुलीला पुरून वर्षही न झालेली आई ओहायोहून येऊन खुर्चीवर बसली होती, आणि ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांची खुर्ची रिकामी होती. त्याच दिवशी काँग्रेस सदस्य जेन हार्मन यांनी सांगितले होते की इराकमध्ये शत्रूच्या गोळीने मरण्यापेक्षा सहकारी सैनिकाकडून बलात्कार होण्याची शक्यता महिला सैनिकाला अधिक आहे.

हेमांगी_प

मारिया स्वतः मरीन होती, म्हणून निदान तिच्या नावापुढे शेरा तरी पडला. तळावर राहणाऱ्या जवानांच्या बायकांची हजेरी कोणीच घेत नाही. गेल्या काही वर्षांतली दोन प्रकरणे नावे न घेता लिहिते, कारण ती घरे खाजगी आहेत.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ट्वेंटीनाइन पाम्स येथे मरीनचा तळ आहे. २८ जून २०१४ रोजी तिथली एकोणीस वर्षांची मरीनची पत्नी सकाळी घरातून बाहेर पडली. आई भेटीला येणार होती, तिला फिरवण्यासाठी जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातल्या जागा पाहून येते, असे तिने नवऱ्याला सांगितले होते. आपल्याला दिवस गेले आहेत, असे तिने जवळच्यांना सांगून फार दिवस झाले नव्हते. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी तक्रार दिली. त्या वाळवंटात सोन्याच्या जुन्या, सोडून दिलेल्या शेकडो खाणी आहेत आणि शोधपथके एकेका विवरात दोर सोडून उतरत होती. सुमारे सात आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, एका खोल विवराच्या तळाशी ती सापडली. शेजारी राहणाऱ्या माजी मरीनशी तिचे संबंध होते. त्याला अलास्कात अटक झाली आणि २०१६ मध्ये तो दोषी ठरला. पॅरोलशिवाय जन्मठेप झाली.

दुसरे प्रकरण हवाईतल्या स्कोफील्ड बॅरॅक्सचे आहे. सहा महिन्यांची गरोदर, पुन्हा एकोणीसच वर्षांची, लष्करी जवानाची पत्नी. ती हरवल्याची तक्रार १ ऑगस्ट २०२४ रोजी नवऱ्यानेच दिली आणि काल-परवापर्यंत ती घरी होती, असे सांगितले. प्रत्यक्षात त्याने तिला १२ जुलैलाच मारले होते, असे त्याने पुढे लष्करी न्यायालयात कबूल केले. २०२५ मध्ये त्याला तेवीस वर्षांची शिक्षा झाली. तिचा मृतदेह मिळाला नाही.

१२ जुलै ते १ ऑगस्ट हे वीस दिवस मोजून पाहा. तळाच्या दारावर प्रत्येक गाडीचे ओळखपत्र तपासतात. आत शिरणारा माणूस कोण आहे याची इतकी खात्री करून घेणाऱ्या जागेत, आतली एक गरोदर मुलगी वीस दिवस कोणाला दिसली नाही, तरी कोणी काही विचारले नाही. ती कोणाच्या यादीत नव्हती. तिची खबर ठेवणारा एकच माणूस होता आणि मारणाराही तोच होता.

काठावरचा

हेमांगी, हे वाचून थोडा वेळ काही सुचले नाही.

रुक्मिणी, एक विचारायचे होते. तो ‘विनापरवाना गैरहजर’ शेऱ्याचा नियम अजून तसाच आहे का?

रुक्मिणी_एस

भूदलात बदलला आहे, आणि त्यालाही आणखी एक मुलगी जावी लागली. टेक्सासच्या फोर्ट हूड तळावरची व्हनेसा गियेन २२ एप्रिल २०२० रोजी नाहीशी झाली. तिचे अवशेष ३० जूनला सापडले. तळावरच्याच एका सैनिकाने तिला मारले होते. तिच्या आई-बहिणींनी तळाच्या दारावर उभे राहून इतका आवाज उठवला की स्वतंत्र समिती नेमावी लागली. डिसेंबर २०२० मध्ये त्या समितीच्या अहवालाबरोबरच भूदलाने ‘गैरहजर, कारण अज्ञात’ असा नवा वर्ग तयार केला. आता जवान हजर नसेल तर पहिले ४८ तास तो कुठे आहे हे शोधण्यासाठीच वापरायचे, कुटुंबाला कळवायचे आणि तो स्वेच्छेने गेल्याचा पुरावा नसेल तर त्याला बेपत्ता धरायचे. गैरहजेरी जाणूनबुजून आहे हे आता दाखवून द्यावे लागते. पूर्वी ते धरूनच चालत असत.

दुसरा बदल मोठा आहे. बलात्कार, खून अशा गंभीर गुन्ह्यांत खटला चालवायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कमांडरकडून काढून घेऊन स्वतंत्र लष्करी अभियोक्त्यांकडे देण्यात आला. ही व्यवस्था डिसेंबर २०२३ च्या अखेरीस लागू झाली. मारियाच्या तक्रारीनंतर सोळा वर्षांनी.

पण हेमांगीने मांडलेला प्रश्न यांतल्या कोणत्याही तरतुदीने सुटत नाही. हे सगळे नियम गणवेशातल्या माणसांसाठी आहेत.

दूरदेशी

खटल्याबद्दल कोणीतरी लिहावे म्हणून थांबलो होतो, आता मीच थोडक्यात लिहितो. ११ जानेवारी २००८ च्या पहाटे लॉरियन पत्नीसाठी चिठ्ठ्या ठेवून पळाला. मारियाने स्वतःचाच गळा चिरून घेतला आणि आपण तिला फक्त पुरले, असे त्याने लिहिले होते. पत्नीही मरीन होती. तिने त्या पोलिसांकडे दिल्या आणि दुसऱ्या दिवशी अंगण खणले गेले. शवविच्छेदनात मृत्यू डोक्यावरच्या जबर आघाताने झाल्याचे निष्पन्न झाले. तो एप्रिल २००८ मध्ये मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात सापडला. फाशीची शिक्षा होणार असेल तर मेक्सिको आरोपी सोपवत नाही, म्हणून ती मागणार नाही अशी हमी द्यावी लागली आणि २००९ मध्ये त्याला परत आणले. स्थानिक प्रसिद्धीमुळे खटला गोल्ड्सबरो येथे हलवला गेला. २३ ऑगस्ट २०१० रोजी तो खुनासाठी दोषी ठरला आणि पॅरोलशिवाय जन्मठेप झाली.

खून एकच धरला गेला. गर्भातल्या बाळाच्या मृत्यूला नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यात तेव्हा स्वतंत्र गुन्हा म्हणून जागा नव्हती. ती २०११ मध्ये आली. संघराज्याच्या आणि लष्करी कायद्यात अशी तरतूद २००४ पासूनच होती, पण गुन्हा तळाबाहेरच्या घरात घडल्यामुळे खटला राज्याच्या कायद्याखाली चालला. कुंपणाची ती रेषा इथेही आडवी आलीच.

नीलमोहर

हा धागा सुरू झाल्यापासून आमच्या विभागात एक लहानशी गोष्ट मी बदलली आहे. न आलेल्या रुग्णाच्या नावापुढे आता नुसते ‘आली नाही’ लिहीत नाही. आधी फोन करते. उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करते, आणि मागच्या वेळी तिने त्या प्रश्नाला काय उत्तर दिले होते ते काढून पाहते. काल एकीने तिसऱ्या फोनला उचलला. मोटार नादुरुस्त होती, दुसरे काही नव्हते. फोन ठेवल्यावर खुर्चीत दोन मिनिटे बसून राहिले.

काठावरचा

माझ्या पहिल्या प्रतिसादात ‘त्या आठवड्यात खुणा इतक्या स्पष्ट होत्या का’ असे मी विचारले होते. ते वाक्य मी मागे घेतो. सगळ्या खुणा होत्या, पण त्या वेगवेगळ्या कार्यालयांत होत्या. संरक्षणादेशाची मुदत शेवटी कधीपर्यंत होती, हे कोणी सांगू शकेल का? इतरत्र वाचताना मला ते मिळाले नाही.

सांजवात (धागाकर्ती)

२४ डिसेंबर २००७ पर्यंत. म्हणजे ती मारली गेली तेव्हा आदेश चालू होता.

त्याच २४ डिसेंबरला कोणीतरी तिचे बँकेचे कार्ड घेऊन पैसे काढण्याच्या यंत्रासमोर उभे राहिले. यंत्रावरच्या कॅमेऱ्यात एक पुरुष दिसतो आणि तो भिंग झाकण्याचा प्रयत्न करतो आहे. तिची आई पाच दिवस आधीच तक्रार देऊन बसली होती, फोन चार दिवस आधीच दारापाशी सापडला होता, आणि अंगण खणायला अजून एकोणीस दिवस होते.